तांबड्या पट्ट्याची गोळी

दसरा होऊन आठ दिवस झाले तरी माकणीच्या धरणाकडचं धुकं हटत नव्हतं. पाण्यावरून उठायचं, काळ्या रानात पसरायचं आणि मेंढरांच्या लोकरीत शिरून बसायचं. मेंढरं कोंडायची वाघर, म्हणजे सुतळीची जाळी, रात्रभराच्या दवानं जड झाली होती. हरणाबाई कोकरं आयांना लावत होती. कोकरू बगलेत धरायचं, त्याची आई हुडकायची, दोघांची गाठ घालून द्यायची. पलीकडं तिचा नवरा धुळाप्पा वाकून वाघरीच्या खुंट्या उपटत होता. बहात्तरीचा गडी, पण खुंटी उपटायला कुणाला हात लावू देत नव्हता.

कळपातल्या एडक्यानं, म्हणजे नर मेंढ्यानं, मागून धडक दिली ती त्याला दिसलीच नाही. तो पुढं गेला आणि बांधावरच्या दगडावर डोकं आपटलं.

"काय झालं वं?" हरणाबाई कोकरू टाकून पळाली.

"काय न्हाय. रोज माझ्या हातची सरकी खातंय, अन् आज मलाच वळखंना झालंय भाड्या."

तिनं मुंडासं काढून बोटांनी चाचपलं. कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. रक्ताचा थेंब नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. जन्म मेंढरात गेलेला. टकरीत पडलेल्या मेंढराच्या नाकाकानातून रक्त आलं तर ते गेलं, नाही आलं तर सावलीला बसवायचं, आपसूक उठतंय, हे तिला आजाकडून ठाऊक होतं. तिनं धुळाप्पाला बाभळीखाली बसवलं, टेंगळावर हळद दाबली आणि तीन दगडांवर चहा ठेवला.

आसपासच्या चार वाड्यांत हरणाबाईची ओळख औषध पाजणारी म्हणून. मेंढराच्या पाठीवर पंजा फिरवला की किती औषध पुरंल ते तिला कळायचं. बांबूचं नळकांडं जबड्याच्या कडेनं असं घालायची की जनावराला ठसका लागायचा नाही. लोक म्हणायचे, हात हरणामावशीचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी धुळाप्पाच्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज न चुकता घ्यायला सांगितली, तेव्हा ते काम तिनं आपल्याकडं घेतलं. अक्षर येत नव्हतं. मग गोळीच्या पाकिटावर तिनं बोटानं गेरूचा तांबडा पट्टा ओढला, औषध पाजलेल्या मेंढराच्या मागच्या पुठ्ठ्यावर ओढायची तोच. तांबडी सकाळची, बिनपट्ट्याची रातची. दोन वर्षांत एकही गोळी चुकली नव्हती.

चहा झाल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं.

"आज टाळकं सडकलंय माजं," धुळाप्पा म्हणाला. "आज तरी सुट्टी दे की गं."

"गोळीला सुट्टी न्हाय. तोंड उघडा."

"मेंढरू हाय व्हय म्या?"

"मेंढरू बरं. ते बोलत तर न्हाय."

त्यानं जीभ बाहेर काढली आणि मेंढरासारखं ब्यां केलं. हसू आलं दोघांनाही. तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाण्याचा घोट पाजला. मग तो मेंढरं हाकत पाण्याच्या कडेनं निघून गेला.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती भाकरी घेऊन गेली. तो दुरून दिसला आणि तिचे पाय थांबले. धुळाप्पा चालत होता, पण डावीकडं ओढल्यासारखा. दहा पावलं टाकायचा आणि वळत वळत पहिल्याच जागी यायचा. मेंढराच्या डोक्यात किडा झाला की ते असंच एका अंगानं गोल फिरतं. फिरायला लागलेलं मेंढरू जगत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

भाकरी तिथंच पडली. शेजारच्या रानात असलेल्या भावकीतल्या कडूबाईनं मेंढरं राखायला घेतली आणि भागवतला फोन लावला. भागवत, तिचा एकुलता लेक, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो आणि त्यानं सांगितलेली भाड्याची गाडी एकदमच आले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर शिवरंजनीबाईंनी धुळाप्पाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "कधी पडले?"

"मेंढरं सुटायच्या आदी. दिस कासराभर वर आला नव्हता."

"म्हणजे सात," भागवत म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

"असल्या माराला रक्त थांबवायचं इंजेक्शन आहे," डॉक्टरबाई भागवतला म्हणाल्या. "पण ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर उपयोग नाही, अपायच व्हायचा. लातूरला न्यावं लागेल, लगेच. गोळ्या कसल्या चालू आहेत का?"

हरणाबाईनं पाकीट पुढं केलं. या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं. "ही रगात पातळ व्हायची. एक दिस चुकली न्हाय."

"आज दिली?"

"व्हय. पडल्याव दिली."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि कागदावर लिहिलं.

लातूरला काढलेल्या डोक्याच्या फोटोत कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं. ते काढायचं तर कवटी उघडायची, आणि उघडायची तर धुळाप्पाचं रक्त थांबायचं नाही. रक्त गोठावं म्हणून प्लेटलेटच्या पिवळ्या पाण्यासारख्या पिशव्या चढवल्या, मग कवटी उघडली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्याआधी दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं भागवतला सगळं सांगितलं होतं. एडका, टेंगूळ, सुट्टी दे म्हणाला ते. भागवतनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा नगं म्हणत हुते तर द्यायची कशाला, माय?"

एवढंच. त्या गोळीबद्दल पुन्हा तो कधी बोलला नाही.

तेरावं झालं. हरणाबाई मेंढरांमागं जायला लागली, पण औषधाला हात लावीना. उरलेल्या चार गोळ्या पाकिटासकट पदराच्या गाठीला बांधलेल्या. पाऊस सरल्यावर धरणाकाठच्या गवतानं मेंढरांना जंत होतात, दरसाली याच दिवसांत ती सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजायची. या साली तसंच राहिलं. कडूबाई येऊन सांगून गेली, "मावशी, दोन मेंढ्यांच्या गळ्याखाली पाणी उतरलंय. आता पाजायला पायजे."

"माज्या हातनं नगं."

"मग काय माज्या सासूच्या हातनं पाजू? तिला तर सोताच्या तोंडात घास घालता येईना."

हरणाबाई हसली नाही. रविवारी भागवतनं रजा काढून नळकांडं उचललं. पहिल्याच मेंढीला औषध श्वासात गेलं. ती खोकत खाली बसली, डोळे पांढरे केले. हरणाबाईनं धावत येऊन तिचं तोंड खाली धरलं, बरगड्या चोळल्या. मेंढी वाचली. हरणाबाई मात्र उठली नाही, तिथंच लेंड्यांत बसून राहिली. म्हणाली, "मला त्या बाईकडं ने."

डॉक्टरबाईंनी तिला ओळखलं. हरणाबाईनं पदराची गाठ सोडली, गोळ्या टेबलावर ठेवल्या. "ती सकाळची म्या दिली नसती तर?"

डॉक्टरबाईंनी पाकीट हातात घेऊन तांबडा पट्टा बघितला. "या गोळीचा असर पाच-सात दिवस राहतो, मावशी. रक्त आदल्या दिवसांच्या गोळ्यांनीच पातळ होतं. त्या सकाळची चुकली असती तरी तेच झालं असतं. आणि दोन वर्षं तुम्ही दिल्या म्हणून त्यांची स्प्रिंग चालली."

भागवत दाराशी उभा होता. "अन् लगोलग आणलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी पाकीट खाली ठेवलं. "तर इंजेक्शन देता आलं असतं. वाचले असते असं मी सांगू शकत नाही. उतारवयात मेंदू आकसतो, कवटीत जागा होते. रक्त हळूहळू साचतं, माणूस हसतो-बोलतो, कळत नाही. त्यात ही गोळी. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर रक्त दिसो न दिसो, वाट बघायची नाही, दवाखान्यात आणायचं."

"मंजी गोळीनं न्हाय," हरणाबाई म्हणाली. "म्या बाभळीखाली बसवून ठिवलं, त्यानं गेले."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"न्हवतं." तिनं गोळ्या पुढं सरकवल्या. "ह्या कुणाला तरी लागतील."

"अशा देता येत नाहीत, मावशी."

तिनं त्या परत गाठीला बांधल्या. भागवतनं मोटारसायकल वाडीकडं काढली. वाडीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि कडूबाईच्या दारात उतरून म्हणाली, "तुझी सासू कुठं पडली, डोस्क्याला लागलं, तर रगात बघत बसू नगंस. दिस किती वर आला ते बघ, अन् गाडीत घाल."

"बरं," कडूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धुकं विरायच्या आत भागवतनं न सांगता एक मेंढी दोन पायांत आवळून धरली. तीच, खोकणारी. हरणाबाईनं तिच्या पाठीवर पंजा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. औषध नळकांड्यात मोजून ओतलं, एक थेंब परत बाटलीत सोडला.

"मान वर ताणू नगं," ती म्हणाली. "सरळ धर. तुझ्या बापानं धरलेलं बघितलं न्हाईस?"

"बघितलंय."

तिनं अंगठ्यानं जबड्याची कड उघडली, नळकांडं आत सरकवलं आणि मेंढीनं घोट गिळेपर्यंत हात हलवला नाही. मेंढी खोकली नाही. मग तिनं गेरूच्या डब्यात बोट बुडवलं, पुठ्ठ्यावर पट्टा ओढला, हिला पाजलं हे कळावं म्हणून.

"सोड," ती म्हणाली. "दुसरी आण."