कटिंग मास्तरांची भूक

कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर म्हणजे काडीपैलवान. हातांच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या, गाल आत गेलेले, आणि भूक मात्र बकासुराची. जेवून हात धुवेपर्यंत पोटात पुन्हा कावळे ओरडायचे. मग बसवेना, उभं राहवेना. घरी थोरली बहीण फडताळाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचायची. "कुठे जातं रे एवढं खाल्लेलं? जन्माचा हावरट मेला!" मास्तरांनाही तसंच वाटायचं.

कटिंगच्या टेबलावर खायला सक्त मनाई. तरी एकदा राहवलं नाही आणि खिशातल्या पावाचं लोणी पांढऱ्या कापडाच्या थप्पीवर पडलं. घाबरून मास्तरांनी डागावर लोखंडी वजन ठेवलं. डाग झाकला खरा, पण वजनाने दाबून दाबून लोणी अकरा थरांत उतरलं.

मालकीण म्हणाली, "मास्तर, कात्री तुमच्यासारखी कुणाची चालत नाही. पण ही भूक काही साधी नाही, आधी डॉक्टरकडे जा. पुन्हा असं झालं तर येऊच नका."

ताई सोबत गेली, भावाची तक्रार सांगायला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या दंडाला चिमटा घेऊन पाहिला. हाताला नुसती कातडी आली. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगात चरबीच नाही. चरबी रक्तात एक हार्मोन सोडते, तो मेंदूला सांगतो, साठा आहे, आता पुरे. तुमच्या मेंदूला तो निरोपच पोचत नाही. त्याला वाटतं, तुम्ही उपाशी मरताय."

"म्हणजे मी हावरट नाही?"

"मुळीच नाही."

मास्तरांना रडू फुटलं. ताईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

त्या हार्मोनचं इंजेक्शन रोज सुरू झालं. कुलूप निघालं, पण जिवाची घालमेल उलट वाढली. उघड्या फडताळापुढे मास्तर येरझाऱ्या घालायचे. औषध लागू पडलं नाही तर? नोकरी गेली तर? कारखान्यात ते खिसे पुन्हा पुन्हा चाचपून मगच टेबलाशी उभे राहायचे.

तिसऱ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी ताटात अर्धा पाव तसाच सोडला.

ताई धसकलीच. "काय झालं रे? बरं नाही का?"

मास्तर पोटावर हात ठेवून भुकेची वाट बघत बसले. काहीच होईना.

"पोट भरलं गं, ताई."

बेचाळीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. ताईने तो अर्धा पाव उचलला आणि रडत रडत स्वतःच खाल्ला.