दादाच्या रक्तातला आकडा

दादाच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली आणि केमो सुरू झाली. मधूनमधून रक्त तपासायचं आणि त्यात सीईए नावाचा एक आकडा बघायचा. ऑपरेशनआधी तो खूप चढलेला होता. आता पुन्हा चढू लागला, तर रोग डोकं वर काढतोय का ते शोधायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दादा गिरगावात राहतो, मी दादरला. "मला उघडवत नाही," म्हणून रिपोर्ट माझ्या मोबाइलवर यायचे. सुरुवातीचे सगळे चांगले आले. मग एका दुपारी आकडा वाढलेला दिसला. फार नाही, मर्यादेच्या जरासा वर. मी ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काय गं, आला का रिपोर्ट?"

"नाही रे अजून."

दोन दिवसांनी आम्ही तिघं परळला गेलो, तेव्हा डॉक्टरांसमोरच त्याला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, सिगारेट काही?"

"छे! कधीच सोडलीय ह्यांनी," वहिनी म्हणाली.

दादा टेबलाकडे बघत होता. "दोन," तो म्हणाला. "दिवसाला दोन ओढतो. केमोनं तोंडाची चव गेलीय. वरण काय, मासे काय, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. सिगारेट तेवढी कळते."

डॉक्टर रागावले नाहीत. "सिगारेटनंही हा आकडा थोडा वाढू शकतो. पण कारण तेच, असं धरून नाही चालणार. स्कॅन करू. आणि सिगारेट आजपासून बंद."

टॅक्सीत वहिनी मला म्हणाली, "पाय मोकळे करून येतो म्हणायचे. मला वाटायचं, चला, अंगात जोर येतोय."

मला राहवेना. "रिपोर्ट माझ्याकडे परवाच आला होता," मी म्हणाले.

त्याने वळून बघितलं. "म्हणजे तूही."

स्कॅनपर्यंतचे दिवस मी त्याच्यावर चिडलेलीच होते. तरी मनात सारखं यायचं, देवा, सिगारेटच असू दे. भावाच्या चोरून ओढलेल्या सिगारेटनंच आकडा चढलेला असावा म्हणून देवाला हात जोडणारी मी एकटीच असेन.

स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. दादाने सिगारेट सोडली, पहिले काही दिवस घरात सगळ्यांवर खेकसला. वहिनीने आमसुलाचं सार करून बघितलं, त्याची त्याला थोडीफार चव लागली. महिन्याभराने पुन्हा रक्त दिलं, तेव्हा मोबाइल नंबर त्याने स्वतःचा लिहिला.

रिपोर्ट आल्यावर त्यानेच मला फोन करून आकडा दोनदा वाचून दाखवला. उतरला होता. सिगारेटमुळेच चढला होता का, हे डॉक्टरांनी शेवटपर्यंत ठामपणे सांगितलं नाही. पुढच्या तपासणीची तारीख मात्र दिली.

"वहिनीला सांगितलंस?" मी विचारलं.

"आंघोळीला गेलीय," तो म्हणाला. "थांब, दाराबाहेरूनच सांगतो."