तुझ्या आयनं काय खाल्लं?

माणसाच्या नखांकडे बघून, तो अंगावर पीत होता तेव्हा त्याच्या आईने काय खाल्लं, हे सांगणारी बाई सबंध मीरा-भाईंदरात एकच आहे, आणि ती गोडदेवला आमच्या समोरच्या घरात राहते. गावातली जुनी कोळीण. सत्तरी उलटली तरी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गल्लीतून फिरते. लहानमोठे सगळे तिला आत्या म्हणतात. तिच्या मते पाजत्या आईच्या ताटात जे पडतं त्यावर पोराचा पुढचा सगळा जन्म ठरतो. दात, केस, सर्दी, अक्कल, नवराबायकोची भांडणं, सगळं. पत्रिका मांडणाऱ्याला निदान जन्मवेळ तरी विचारावी लागते. आत्याला तीही लागत नाही.

एकदा आम्ही दोघी शेअर रिक्षाने मीरा रोडला निघालो होतो. रिक्षावाला वाटभर शिंकत होता. तिसऱ्या शिंकेला आत्या पुढे वाकली, "तू छोटा था तब तेरी माँ दही खाती थी ना?" तो म्हणाला, "मौसी, घर में दो भैंसें थीं, दही तो सबने खाया." आत्याने माझ्या मांडीवर थाप मारली. "बग! मी बोलले ना?" शेजारच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी पाण्यावरून सगळ्यांच्या अंगावर ओरडतो, त्याचं मूळ तिने मिरचीच्या ठेच्यात शोधून काढलं. त्याची बायको गुजराती. ती हसून म्हणाली, "आत्या, मेरी सास तो मिर्ची को हाथ भी नहीं लगाती थी." आत्या जरासुद्धा डगमगली नाही. "हाथ नहीं लगाती थी, पण वास तो लेती थी ना?" दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनाही तिने सोडलं नाही. त्या बिचाऱ्या समजावत होत्या, की पाजत्या आईने चांगलं खावं हे खरंच, पण एकेका पदार्थावर पोराचा जन्म ठरत नाही. डाळ, भाकरी, पालेभाजी, मासे, सगळं खावं, उपाशी राहू नये. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्या आयनं शेंगदाणे खाल्लेत. म्हणून डोकं चालतंय, पण तोंड बंद व्हत न्हाय."

ती हरलेली मी एकदाच पाहिली. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची नखं तिने हातात घेतली, तर तो म्हणाला, "माझी आई बाळंतपणातच गेली. मला चुलतीने वरच्या दुधावर वाढवलं." आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याला बसवून तिने भात-कालवण वाढलं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

मी तिचं एवढं कौतुक सांगते खरी, पण माझ्या मुलीला मी तिच्यासमोर कधी फार वेळ उभं राहू दिलं नाही. मुलगी लहानपणापासून अशक्त. जिना चढली की दम लागायचा, रक्त नेहमी कमी. ती अंगावर पीत होती तेव्हा आम्ही रायगडहून नुकतेच इथे गोडदेवला भाड्याने राहायला आलो होतो. नवऱ्याचं काम सुटलेलं. मी हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात पेनांची पाकिटं भरायला जायचे, मुलीला तिथेच साडीच्या झोळीत निजवायचे. दुपारी चहा-पाव, आणि रात्री उरला तर भात. आत्या एक दिवस भर गल्लीत मुलीची नखं धरणार आणि ते सगळं मोठ्याने बोलून दाखवणार, ही भीती माझ्या मनातून कधी गेली नाही. आत्या ओट्यावर बसलेली दिसली की मी मुलीला मागच्या बोळाने न्यायचे. मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली, तेव्हा रडता रडता मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. आता आत्याला अडवणार कोण? बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी ती मुशीच्या कालवणाचा डबा घेऊन हजर. कोळ्यांकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून हा मासा हटकून देतात. "बालंतिनीचं तोंड बांधायचं न्हाय," असं म्हणून ती रोज ताट संपेपर्यंत समोर ठाण मांडून बसायची. आठवडाभर हे चाललं. मग एक दिवस मुलगीच जेवता जेवता म्हणाली, "आत्याआजी, सगळ्यांचं सांगता, माझं पण सांगा ना. माझ्या आईने काय खाल्लं होतं?"

मी भाकरी थापत होते. हात परातीतच थांबले. आत्याने तिची बोटं उजेडाकडे धरली. नखं पांढरी फटक. एरवी तिचा निकाल नख दिसायच्या आधी तयार असतो, त्या दिवशी तिला वेळ लागला.

"तुझ्या आयनं ना? मुशी खाल्ली, खजूर खाल्ला. डिंकाचे लाडू तर चोरून खाल्ले."

"मग मी अशी कशी?"

"बापावर गेलीस!"

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. तव्यावरची भाकरी करपली.

आत्या निघाली तशी मी मागोमाग दारापर्यंत गेले. "आत्या, मी तर चहा-पाव..."

"ठावं हाय गो," ती वाकून चपला शोधत म्हणाली. "रोज बगायची मी तुला. कडेवर पोर, हातात पाव. माझ्या घरात टोपभर कालवण असायचं. वाटायचं, भाडोत्री मानसं, बाहेरची, आपल्याला काय." चपला सापडल्या होत्या, तरी ती वाकलेलीच राहिली. "एक वाटी काय जड झाली व्हती मला?"

 

दुसऱ्या दिवशी ती दोन डबे घेऊन आली. एक मुलीपुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे. मला आता कोणाला पाजायचं नव्हतं, आणि हे तिलाही कळत होतं. मी हात धुतले, मुलीशेजारी बसले आणि जेवले.