मुकादमासमोर विचारलेला प्रश्न

ऊसतोडीला गेल्यावर राहायच्या आमच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीतच आईचं तान्हं बाळ गेलं. त्यानंतर ऊस तोडता तोडता ती कोयता धरून नुसती उभी राहायची. मुकादम म्हणायचा, ‘बाई कामचुकार झाली.’ तिला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही.

घरातली पहिली पदवी माझी, मानसशास्त्राची. परवा स्थलांतरित मजुरांच्या मनाचा अभ्यास करायला आम्ही सरांबरोबर उसाच्या फडावर गेलो. एका बाईला विचारलं, ‘झोप लागते का?’ तिनं आधी शेजारी उभ्या मुकादमाकडं पाहिलं. तोच हसून बोलला, ‘दिवसभर ऊस तोडल्यावर झोप लागंना व्हय? लिहा, चांगली लागते.’ आमच्या सरांनी लिहिलंसुद्धा. उद्या यावरूनच निष्कर्ष निघणार, मजूर मजेत आहेत. ज्याच्या धाकानं झोप उडते त्यालाच झोपेचं विचारायचं, आणि याला अभ्यास म्हणायचं?

‘मुकादम, तुम्ही ट्रॅक्टरकडं जा,’ मी म्हटलं.

‘मॅडम लय शिकलेल्या दिसतात.’

‘शिकलेय. कोपीत राहून शिकलेय. जा.’

तो गेला तशी बाई जवळ सरकली. ‘डोळा लागला की गावाकडं ठेवलेली पोर रडताना दिसती, ताई. मग बसूनच राहते.’

सरांनी लिहिलेलं खोडून मी तिचं उत्तर लिहिलं.