गाठीची उपासमार

खिएम खंगत चाललाय हे त्याच्या बायकोला, थामला, आधी कानांनी कळलं. चटईचा माग दोघांचा असतो. थाम बाजूला बसून लांब काठीनं एकेक लव्हाळं ताणलेल्या दोऱ्यांमधून पलीकडे सारायची आणि खिएम जड लाकडी फणी ओढून ते घट्ट बसवायचा. तेवीस वर्षं हेच चाललं होतं. फणीचा ठोका एके काळी कालव्यापलीकडे ऐकू जायचा. आता तो असा पडायचा, जणू कुणी दार नुसतं लोटून घेतंय.

व्यापाऱ्यानं नवी चटई उजेडासमोर धरली. "वहिनी, ही निजायला विणलीत की मासे गाळायला?"

थाम हसली. घरी येऊन तिनं मागावरची विरळ वीण बोटांनी चाचपली.

दीड महिन्यापूर्वी शहरातल्या इस्पितळात खिएमच्या स्वादुपिंडात गाठ सापडली होती. कापून काढण्यासारखी नव्हती. औषधाची पहिली खेप देऊन त्यांना घरी पाठवलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली, त्यातली तीन कागद शोधण्यात गेली. पथ्याचं थामनं विचारलं नाही, कारण खाण्यापिण्यातलं आमच्याकडे सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. सगळ्यात जास्त माहीत होतं ते खिएमच्या थोरल्या बहिणीला, दिएपला.

"त्याच्या पोटात जे जाईल ते आधी ती गाठ खाणार," दिएप म्हणाली. "मासे-मांस घातलंस की ती माजलीच म्हणून समज. तिला उपाशी मारायचं. माझ्या चुलतसासऱ्यांनी तीन महिने लाल भात आणि तिळाचं मीठ खाल्लं. दुसरं काही नाही."

"मग?"

"गाठ वाढली नाही."

चुलतसासरे त्याच तीन महिन्यांत गेले हे थामला ठाऊक होतं. तिनं पुढे काही विचारलं नाही. तिला काहीतरी करायला हवं होतं, आणि हे करण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एक वाटी लाल भात, भाजलेल्या तिळाचं मीठ आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. थाम समोर बसून मोजायची.

"त्रेचाळिसालाच गिळलात."

"चुकून गेला," खिएम म्हणायचा. "आता रवंथच राहिलाय. गोठा कुठे बांधतेस तेवढं सांग."

लव्हाळ्याचे भारे तोलायचा काटा पडवीत होता. दर सोमवारी ती त्याला त्यावर उभा करायची. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले. दुसऱ्यात आणखी दोन. गाठही वाळत असेल, असं ती स्वतःला सांगायची. पण आधी कोण संपेल, गाठ की माणूस, हा प्रश्न भात धुताना, लव्हाळी भिजवताना तिच्या मानगुटीवर बसलेला असायचा. एका दुपारी तो झोपला असताना तिनं गाठ हाताला लागते का म्हणून त्याच्या पोटावर बोटं टेकवली. काहीतरी टणक लागलं तसा तिनं हात ओढून घेतला. ते त्याच्या कमरेचं हाड होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा बाजारात काम लवकर आटोपलं. घराच्या मागच्या बाजूला पाऊल ठेवताच तिला जळत्या साखरेचा आणि नारळपाण्याचा वास आला. चुलीजवळ खिएम उकिडवा बसला होता. त्याची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, बा साउ, त्याच्या वाटीत डुकराचं मांस आणि अख्खी अंडी वाढत होती.

"आई, किती दिवस चाललंय हे?"

"तू सुरू केलंस त्याच दिवसापासून." म्हातारीनं हातातला डाव खाली ठेवला नाही.

"तुम्ही त्या गाठीला खाऊ घालताय."

"आणि तू कुणाला मारतेयस? जन्मला तेव्हापासून भरवतेय मी त्याला. मला नको शिकवूस."

"ओरडू नका गं दोघी," खिएम अंड्यानं भरलेल्या तोंडानं म्हणाला. "मला गिळायला वेळ लागतो."

थाम पुढच्या दारी जाऊन बसली. राग यायला हवा होता, पण तिचं मन हिशेबात अडकलं. तिचं जेवण अधिक सासूचं जेवण. लाल भात, वर मांस, वर अंडी. धडधाकट असतानाही तो इतकं खात नव्हता. आणि सोमवारी काट्यानं एकूण चार किलो कमी दाखवले होते. मग हे सगळं जात होतं कुठे?

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. तिथली परिचारिका वान आमच्याच गावची, चटयांच्या घरातली. थामनं सगळं सांगून टाकलं, पन्नास वेळा मोजून चावलेले घास आणि काट्यावरचे आकडे धरून.

"थामकाकी, तीन आठवडे?" वान म्हणाली. "गाठ उपाशी राहत नसते. बाहेरून मिळालं नाही तर ती काकांच्या अंगातूनच घेते. तुमच्या पथ्यानं उपाशी राहिले ते काकाच."

"म्हणजे आईंचं बरोबर?"

"खायला द्यायचं, हे बरोबर. पण आजींनी अख्खं डुक्कर चारलं तरी वजन पूर्वीसारखं भरणार नाही." वाननं खुर्ची जवळ ओढली. "त्या गाठीतून काही द्रव्यं रक्तात सुटतात, काकी. ती अंगभर फिरतात. दंडाला सांगतात, वितळ. चरबीला सांगतात, जळ. मोठ्या आजाराशी झुंजताना शरीर स्वतःलाच खातं ना, तसं. गाठ असते बोराएवढी, पण तिचा निरोप पायाच्या पोटरीपर्यंत पोचतो."

"आणि ते थांबवायचं कसं?"

"औषधानं गाठ आवळली तर थोडं सावरतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. अंडी, मासे, मांस, त्यांना आवडेल ते. त्यानं ताकद टिकते. पण सगळं परत येईल असं मी सांगणार नाही." तिनं नोंदवही पुढे ओढली. "ती द्रव्यं डोक्यापर्यंतही जातात. भूकच मारतात. काका जेवतात का नीट?"

"जेवतात की. दोघींचंही जेवतात."

शिव्या बसतील अशा तयारीनं थाम गेली होती. वाननं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रोग आपल्या हातानं बिघडला असता, तर हातानं सुधारताही आला असता. परतताना ओंडक्याच्या पुलावर ती मधोमध थांबली. हा पूल तिनं हजारदा ओलांडला होता, पण आज कठड्याचा बांबू तिला सोडवेना.

घरी येऊन तिनं मायलेकांना समोर बसवलं आणि वाननं सांगितलं तसंच सांगितलं. बा साउ सुपारी चघळायची थांबली.

"म्हणजे माझ्या अंड्यांनी काही झालं नाही?"

"काही तरी झालंच असेल, आई. नाहीतर आणखी उतरले असते."

मग थाम खिएमकडे वळली. "भूक लागते का, असं विचारत होती वान."

खिएमनं दोघींकडे बघितलं. "नाही लागत. महिना झाला. मांसाचा वाससुद्धा नको होतो."

"मग खात होतास कशाला, मेल्या?" म्हातारी म्हणाली.

"तिचं तिच्यासाठी, तुझं तुझ्यासाठी. वाटी रिकामी होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे कशा बघायच्या, माहितेय? मी ओकायचो मागच्या केळीत."

थामनं विचारलं, "काय घशाखाली उतरेल?"

तो आठवून आठवून म्हणाला, "चिंचेचं आंबट सार. नुसतं पाणी. माशाचा तुकडा असला तर लहान."

थामनं मासा साफ केला, बा साउनं चिंच कोळली. दोघी आज किती तरी दिवसांनी एका चुलीपाशी होत्या. चिंच भांड्याबाहेर सांडली.

खिएमनं दोन घोट घेतले. माशाचा एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवत राहिला. बा साउनं सवयीनं डाव उचलला. थामनं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, आई."

"एकच डाव."

"नको."

म्हातारीनं हात सोडवून घेतला नाही. खिएमनं तिसरा घोट घेतला आणि वाटी ओठांशीच धरून थांबला. त्या दोघी बघत राहिल्या. मग आपण बघतोय हे ध्यानात आलं तशी दोघींनीही मान फिरवली.