फोटो काढणारा प्रोग्राम

भोकरदनच्या आमच्या शाळेत मी संगणक विभाग सांभाळते, त्याला वीस वर्षं होत आली. रुजू झाले तेव्हा दर सोमवारी चार-पाच संगणक बंद पडलेले असत. दुरुस्तीवाला जालन्याहून यायचा, तोही आला तर. मग मी एक प्रोग्राम शिकले. तो अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून एका फायलीत ठेवायचा. बिघडलेल्या मशिनवर ती प्रत चढवली की अर्ध्या तासात मशिन पूर्वीसारखं चालायचं. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, ती शब्दकोश घेऊन वाचली. शाळेत या कामाला सगळे ‘फोटो काढणं’ म्हणू लागले आणि दुरुस्तीवाल्याचं येणं थांबलं. जाफराबादच्या शाळेतल्या मॅडमही माझ्याकडे येऊन ते शिकून गेल्या.

एका उन्हाळ्यात मी शाळेची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं स्कॅन केली. कोण कधी दाखल झालं, कधी शाळा सोडली, याच्या त्या नोंदी. सगळी पानं ऑफिसच्या संगणकात ठेवली, त्या संगणकाचा फोटो काढला आणि बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवला. पुढे तो संगणक भंगारात गेला. गेल्या वर्षी कपाट उघडलं तर चार रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. मुख्याध्यापक हताश होऊन खुर्चीत बसले. मी म्हणाले, “सर, फोटो आहे ना.”

पण शाळेत नवे संगणक आले होते आणि त्यांच्यावर तो प्रोग्राम चालेना. नवी आवृत्ती घ्यावी म्हणून कंपनीचं संकेतस्थळ उघडलं, तर तिथं चार ओळींची सूचना होती. हा प्रोग्राम बंद करण्यात आला आहे, पुढची आवृत्ती निघणार नाही, मदतही मिळणार नाही. माझी फाईल तर त्याच्याशिवाय दुसऱ्या कशातच उघडत नव्हती.

संगणक पुरवणारा माणूस संभाजीनगरहून आला. त्यानं फाईल पाहिली आणि मान हलवली. “ह्याचं आता काही होत न्हाई मॅडम. जुनं झालं. सोडून द्या.”

मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, “दिवाळीच्या सुटीत किल्ली माझ्याकडे राहू द्या.”

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना संगणक धूळ खात पडला होता. तो सुरू होईना. दुसऱ्या एका मोडक्या मशिनचा वीजपुरवठ्याचा डबा काढून त्याला बसवला. रॅमची पट्टी खोडरबरनं घासून पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी पडदा उजळला. जुन्या सीडीवरून प्रोग्राम चढवला आणि फाईल उघडायला लावली. फोटो काढताना दर वेळी ‘तपासून बघ’ या चौकटीवर मी खूण करायचे. त्यानं दुप्पट वेळ जायचा, सहकारी वैतागायचे. आता तीच फाईल कुठंही न अडखळता उघडली. दुपारपर्यंत सगळी पानं साध्या चित्रांच्या रूपात बाहेर आली. यापुढे ती कोणत्याही संगणकावर दिसणार होती. त्यांच्या तीन प्रती केल्या, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मला फार अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या इमारतीत मी एकटीच होते, तरी वाटला.

उरलेल्या सुटीत एकेक पान तपासत बसले. वाळवीनं खाल्लेल्या रजिस्टरांपैकी एकात माझ्या वडिलांचं नाव निघालं.

आमचं घर मेंढरांमागे फिरणारं. वडील नेहमी सांगायचे, “मी बी साळंत गेल्तो.” माझे दोन्ही काका हसायचे, आम्हीही कधी खरं मानलं नाही. आणि इथं पहिलीत दाखल झाल्याची नोंद होती. पालकाचा धंदा, मेंढपाळ. चार महिन्यांनी शेरा, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’.

घरी जाऊन वडिलांना मोबाईलवर ते पान दाखवलं, वाचूनही दाखवलं. शेरा वाचताना माझाच आवाज खाली आला. ते मात्र खूश होते.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “तवा मेंढरं घेऊन मंठ्याकडं गेल्तो आम्ही.”

“आबा, पण नाव काढून टाकलं होतं तुमचं.”

“होतं म्हणून काढलं ना माय. नसतं तर काय काढलं असतं?”

शाळा उघडल्यावर मी रीतसर अर्ज केला. मुख्याध्यापकांनी उतारा सही-शिक्क्यासह दिला आणि वडिलांना स्वतः चहाला बोलावलं. वडील धुतलेलं धोतर नेसून आले. ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, “हिनं काढलं हुडकून. मशिनीतून.” जाताना त्यांनी उताऱ्याच्या दोन झेरॉक्स मागितल्या, दोन्ही काकांसाठी.