डेल्फियाबाईंनी पसंत केलेला कुत्रा

डेल्फिया स्टिडहॅम यांची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. आमच्या केंटकीच्या डोंगराळ गावातील ग्रंथालयाच्या तळघरात हा वर्ग दर मंगळवारी व गुरुवारी भरत असे. मी एकाहत्तर वर्षांचा होतो व चाळीस वर्षे लाकडाच्या गिरणीत काम करून निवृत्त झालो होतो. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि विचारले, "तुम्हाला कुठपर्यंत येतं?"

"माझं नाव लिहिता येतं," मी म्हणालो.

"मग माझ्या पुढे आहात. फार मिरवू नका."

त्या ओढ्याकाठी, पतीने बांधलेल्या घरात एकट्या राहत. दर वर्षी शरद ऋतूत त्या लहान बंदूक व कुत्रा घेऊन हिकरीच्या, म्हणजे अक्रोडासारख्या झाडांच्या, रानात खारी मारण्यासाठी जात. आमच्याकडे या कामासाठी लहान चणीचे, मिश्र रक्ताचे कुत्रे पाळतात. त्यांना फाइस्ट म्हणतात. कुत्रा खारीचा माग काढून झाडाखाली उभा राहतो आणि भुंकतो. कुत्र्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला पानांतली खार दिसत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेल्फियाबाईंचा बटन नावाचा फाइस्ट म्हातारपणाने मेला.

त्यांचा मुलगा गारलंड लेक्सिंग्टन शहरात राहतो. आईने डोंगर सोडून शहरात यावे, अशी त्याची इच्छा होती. त्याने वृद्धांच्या एका इमारतीत तिच्यासाठी खोली पाहून ठेवली होती. त्या इमारतीत लहान कुत्र्याला परवानगी होती, परंतु तो शुद्ध जातीचा व कागदपत्रांसह असावा अशी अट होती. मिश्र पिल्लू वाढून केवढे होईल याची कोणी हमी देत नाही. म्हणून गारलंडने बाराशे डॉलर देऊन एक यॉर्कशायर टेरियर पिल्लू विकत घेतले आणि ते टोपलीतून आईकडे आणून ठेवले. त्याच आठवड्यात शेजारच्या व्हेस्टा नोबल यांच्या फाइस्ट कुत्रीची पिल्ले आईपासून सोडवण्याजोगी झाली होती व त्यांपैकी एक डेल्फियाबाईंना कबूल केलेले होते. एक कुत्रा घेतला तर शहरातील खोली, दुसरा घेतला तर ओढ्याकाठचे घर, असा तो प्रश्न होता. उत्तर देण्यास गारलंडने रविवारपर्यंत मुदत दिली.

गुरुवारी डेल्फियाबाईंनी पिल्लाच्या वंशावळीचा कागद वर्गात आणला. "मला हा वाचायचाय," त्या शिक्षिका ओडमबाईंना म्हणाल्या. "सगळा. मदत करू नका."

त्यांनी नावांखाली बोट फिरवत संपूर्ण तास तो कागद वाचला. लॉर्ड पेम्बर्टन ऑफ सिल्व्हरगेट या एका पूर्वज कुत्र्याच्या नावापाशी त्या थांबल्या, कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पुन्हा परत आल्या.

"होबार्ट, हे वाचा. आता हे वाचा."

मी अक्षर अक्षर जुळवून वाचले. दोन्ही ठिकाणी तेच नाव होते.

"म्हणजे बापाचा बाप आणि आईचा बाप एकच?"

"असंच दिसतं," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि रविवारी मला घरी येण्यास सांगितले.

रविवारी ओसरीवर गारलंड होता, मी होतो आणि मांडीवर फाइस्टचे पिल्लू घेतलेल्या व्हेस्टाबाई होत्या. डेल्फियाबाईंनी मुलासमोर कागद ठेवला.

"तू हा वाचलास?"

"आई, तो फक्त पुरावा असतो. तो कोणी वाचत नाही."

"मी वाचला. हे नाव बघ, आणि हे. कॉलेजात तुला पोरं काय म्हणून चिडवायची?"

गारलंड ओशाळला. "जाऊ दे ना आई."

"डोंगरातले, घरातल्या घरात लग्नं करणारे. तू रडत फोन केला होतास. आपण तसं काही केलं नव्हतं तरी आपल्यावर हसायचं. आणि ह्या कुत्र्याच्या घराण्यानं केलं तर बाराशे डॉलर आणि शहरात खोली?"

"पण त्या पिल्लाचा बाप कोण, हे तरी माहीत आहे का कोणाला?"

"तिघांवर संशय आहे," व्हेस्टाबाई म्हणाल्या. "तिघंही खारींचा माग काढतात."

डेल्फियाबाईंनी टोपलीतले पिल्लू उचलून मुलाच्या हाती दिले. "ह्याचा काही दोष नाही. गोड आहे बिचारं. तू सांभाळ, तुझ्याकडे लिफ्ट आहे. मी इथेच राहणार. आणि ती खोली कशी आहे हे मला पुन्हा सांगू नकोस."

गारलंड जेवायला थांबला आणि जाताना टोपली घेऊन गेला.

मिश्र पिल्लाचे नाव डेल्फियाबाईंनी लॉर्ड ठेवले. पुढच्या शरद ऋतूत आम्ही त्याला प्रथम रानात नेले, तेव्हा तो एका झाडाखाली अर्धा तास भुंकला आणि वर काहीच नव्हते. रिकाम्या झाडावर भुंकणाऱ्या कुत्र्याला आमच्याकडे खोटारडा म्हणतात व बहुधा देऊन टाकतात. व्हेस्टाबाईंनीच तसे सुचवले.

"मी पन्नास वर्षं चर्चमध्ये भजनाचं पुस्तक उघडं धरून उभी होते," डेल्फियाबाई म्हणाल्या. "एक अक्षर येत नव्हतं. मला कोणी देऊन टाकलं नाही. हा तर एकदाच भुंकलाय."

नोव्हेंबरपर्यंत लॉर्डने त्यांना अकरा खारी दाखवल्या. त्या खारींच्या रश्श्याबरोबर मी बिस्किटे, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, खाल्ली आहेत, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

वसंतात अग्निशमन केंद्रात कुत्र्यांना रेबीजची लस टोचतात. त्या वर्षी डेल्फियाबाईंचा हात फार कापू लागला होता, म्हणून अर्ज भरण्यास त्यांनी मला सोबत नेले. मेजामागच्या तरुणीने लॉर्डकडे पाहिले आणि म्हणाली, "मावशी, जातीच्या जागी टेरियर लिहू या का? बरं दिसतं."

डेल्फियाबाईंनी तिच्या हातातून पेन घेतले आणि माझ्या हाती दिले.

"होबार्ट, 'मिश्र' लिहा. मोठं लिहा, मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."